पिंजऱ्यातील राजयक्ष्मा

क्षयरोगास आपल्या जुन्या वैद्यकात राजयक्ष्मा म्हणतात, आणि त्याच्या उत्पत्तीची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दक्ष प्रजापतीने आपल्या सत्तावीस कन्या सोमास दिल्या. सोम एकट्या रोहिणीपाशीच रमला. तेव्हा उरलेल्या सव्वीस जणींचे गाऱ्हाणे ऐकून सासऱ्याने जावयास शाप दिला व चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. राजास झालेला म्हणून तो राजयक्ष्मा. शाळेत संस्कृत शिकवीत असता ही कथा आम्ही दरवर्षी सांगत असू, आणि दरवर्षी कोणी ना कोणी मुलगा विचारी की, चंद्रास शापाने झाला, मग माणसांस कशाने होतो? याचे उत्तर सोपे होते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू विद्वानांच्या सभेपुढे मांडला, तेव्हापासून शापाचे कारण उरले नाही. परंतु माकडांस हा रोग कोणाच्या शापाने होतो, असे मात्र कोणीही विचारले नाही. विचारले असते तर त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नसते, आज येते. माकडांस तो माणसाच्या शापाने होतो, असे म्हणावयास काही हरकत नाही.

रानात राहणाऱ्या माकडांत क्षय क्वचितच आढळतो. तीच माकडे पकडून, पिंजऱ्यात घालून माणसाच्या श्वासाजवळ आणून ठेवली, म्हणजे हा रोग त्यांच्यात शिरतो. आणि एकदा शिरला म्हणजे वणव्यासारखा पसरतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्राणिसंग्रहालयांत माकडे क्षयाने मरत, हे तेथील डॉक्टरांस ठाऊक होते. कॉख यांनी ज्या प्राण्यांच्या शरीरात हा जंतू शोधून पाहिला त्यांत माकडेही होती. येथे एक खुलासा करून ठेवतो. आपल्याकडे काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे ते वानर, आणि लाल तोंडाचे ते माकड, असा भेद खेड्यातील पोरेसुद्धा करतात. शहरात मात्र दोहोंची सरमिसळ होते. प्रयोगशाळांत मुख्यत्वे दिसते ते उत्तर हिंदुस्थानातील लाल तोंडाचे माकड. शास्त्रज्ञ त्यास रीसस म्हणतात. क्षयाच्या बाबतीत हा रीसस फार नाजूक. जो जंतू माणसाच्या छातीत वर्षानुवर्षे झोपून राहतो, तो याच्या फुफ्फुसात गेला की पुष्कळदा काही महिन्यांतच त्याचा निकाल लावतो.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो पशुवैद्य आहे. एका संशोधनसंस्थेतील माकडांची देखभाल त्याच्याकडे असते; संस्थेचे व त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. सणावारी तो आमच्याकडे येतो, चहा घेतो, आणि आमच्या शंकांची उत्तरे देतो. एके काळी त्याने आमच्यापुढे छडी खाल्ली होती. त्याचा सूड तो अशा रीतीने उगवतो की, आता आमच्यावर प्रश्न विचारण्याची पाळी आणून तो स्वतः सावकाश चहा पितो.

प्रयोगासाठी माकडे कशास हवीत, असा प्रश्न आमच्या घरात प्रथम स्त्रीवर्गाकडून आला, आणि तो योग्यच होता. ज्या घरी शनिवारी मारुतीस रुईच्या पानांची माळ जाते, तेथे हा प्रश्न न निघाला तरच नवल. त्याचे उत्तर असे की, आज आपल्या घरांत लंगडणारी मुले दिसत नाहीत, त्याचे श्रेय थोडेसे या माकडांकडे जाते. साल्क यांची पोलिओची लस १९५५ साली प्रसिद्ध झाली. ती माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींवर वाढविलेल्या विषाणूपासून करीत. त्या काळात आपल्या देशातून दरवर्षी लाखाहून अधिक माकडे परदेशी जात. १९५५ सालीच लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली, तेव्हा सरकारने काही काळ ही निर्यात थांबविलीही होती. पुढे १९७८ पासून ती कायमची बंद झाली. देशातील संशोधन मात्र चालूच आहे. २०२० साली करोनाच्या लशीची परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वीस रीसस माकडांवर घेतली, हे कित्येकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्यानंतर आमच्या घरातील सर्वांनी दंडावर ती लस टोचून घेतली, आम्हीही घेतली.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात चंद्र नावाच्या राजाची कथा आहे. राजपुत्रांच्या खेळासाठी वाड्यात माकडांचा कळप पाळलेला असतो. एक मेंढा रोज स्वयंपाकघरात घुसतो आणि आचारी त्यास हाती येईल त्याने मारतात. माकडांचा म्हातारा नायक हे पाहतो व आपल्या कळपास सांगतो की, येथून निघा. या भांडणात आपला नाश आहे. तरुण माकडे त्यास हसतात. पुढे आचाऱ्याने जळते लाकूड फेकले, मेंढ्याची लोकर पेटली, तो अश्वशाळेत शिरला, घोडे भाजले. आणि वैद्यांनी सांगितले की, भाजलेल्या घोड्यांस माकडाची चरबी हे औषध. राजाने कळप मारविला. ही कथा मुलांस सांगताना आम्ही तिचे तात्पर्य वडीलधाऱ्यांचे ऐकावे असे सांगत असू, कारण पाठ्यपुस्तकात तसे छापलेले होते. आता ती कथा आठवली की आम्हांस वेगळेच जाणवते. दुसऱ्याच्या दुखण्याचे औषध म्हणून जो पाळला जातो, त्याने निदान स्वतःच्या दुखण्याविषयी कोणाकडे पाहावे?

क्षय झालेले माकड बाहेरून ओळखू येत नाही, ही यातील मुख्य अडचण. माणूस खोकतो, कण्हतो, घरच्यांस सांगतो, न सांगितले तरी बायकोच्या लक्षात येते. माकड रानातील सवयीप्रमाणे आपले दुखणे लपविते. दुबळेपणा दाखविला की कळपातील पायरी गेली आणि शत्रूचे लक्ष गेले. ते खाते, पिते, दात दाखविते, आणि एके सकाळी पिंजऱ्यात मरून पडलेले आढळते. उघडून पाहावे तो फुफ्फुसात गाठी, गाठींत खरवसासारखा पांढरा गर, आणि तोच प्रकार प्लीहेत व यकृतात. तोवर शेजारच्या पिंजऱ्यांतील किती जणांच्या छातीत बी पडले असेल याचा हिशेब कोणी द्यावा? क्ष-किरणाचाही पूर्ण भरवसा नाही, कारण माणसाच्या फुफ्फुसात जसे जुन्या जखमेवर चुन्याचे थर चढून ते चित्रात उमटतात, तसे माकडात सहसा होत नाही.

म्हणून परीक्षा घ्यावी लागते, आणि ती पापणीवर घेतात. हे ऐकून आमच्या घरातील मुलींनी डोळे मिटून घेतले. परंतु योजना मोठी मार्मिक आहे. माकडास औषधाने गुंगी देतात. मग बारीक सुईने वरच्या पापणीच्या काठाजवळ कातडीच्या आत ट्युबरक्युलिनचा एक दशांश मिलिलिटर सोडतात. हे ट्युबरक्युलिन म्हणजे क्षयजंतूंच्या वाढीचा उकळून गाळलेला अर्क. तो १८९० साली कॉख यांनी क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केला, साऱ्या जगात आशा उसळली, आणि औषध म्हणून तो साफ अयशस्वी ठरला. उमेदवार म्हणून नापास झालेला हा पदार्थ पुढे परीक्षक म्हणून कामास आला, असे शिक्षकी भाषेत म्हणता येईल. माणसाच्या हातावर टोचावयाच्या मात्रेहून माकडासाठी तो शेकडो पट तीव्र लागतो. जंतूची ज्या शरीरास पूर्वीची ओळख आहे, तेथे पापणी लाल होते व सुजते. पापणीच का, तर तेथे दाट केस नाहीत, आणि पुन्हा त्या प्राण्यास न पकडता, न गुंगविता, पिंजऱ्याबाहेर उभे राहून चोवीस, अठ्ठेचाळीस व बहात्तर तासांनी निकाल वाचता येतो. शून्यापासून पाचापर्यंत गुण असतात. केवळ खरचटल्यासारखे दिसले तर एक. सूज नसून लाली असली तर दोन. सूज आली तर तीन. पापणी खाली लोंबली तर चार. डोळा मिटला व कातडी मरू लागली तर पाच. येथे मात्र अधिक गुण मिळविणारा नापास होतो.

आम्ही छत्तीस वर्षे परीक्षा घेतल्या आहेत. एका परीक्षेने मुलगा कळत नाही, हे आम्ही शाळेत शिकलो. तेच या शास्त्रात कसोशीने पाळतात, हे ऐकून समाधान वाटले. जंतू शरीरात शिरल्यापासून पापणीने उत्तर द्यावयास तीनचार आठवडे किंवा अधिकही लागतात. त्याआधी घेतलेल्या चाचणीस काही अर्थ नाही. उलट रोग फार बळावला की शरीर थकते आणि पापणी पुन्हा गप्प बसते. म्हणजे जो सर्वांत अधिक रोगी तोच पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण! माकडास नुकताच गोवर होऊन गेला असेल, आणि गोवरही त्यास माणसापासूनच येतो, तरी पापणी उत्तर देत नाही. काही प्रयोगांत टोचावयाच्या द्रवात मेलेले क्षयजंतूसदृश जंतू मिसळतात. असे माकड रोग नसतानाही सुजते. म्हणून नवीन आलेल्या माकडांस वेगळ्या दालनात ठेवून दोन दोन आठवड्यांच्या अंतराने ओळीने निदान तीन वेळा तपासतात, कधी उजवी पापणी तर कधी डावी. तिन्ही वेळा स्वच्छ ठरली तरच ती इतरांत जातात. मध्ये एक जरी सुजले तरी साऱ्या दालनाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रक्ताच्या नव्या तपासण्याही निघाल्या आहेत; खास माकडांसाठी काढलेली अशी एक तपासणी बाजारात आली व पुढे बंदही झाली. जठरातील किंवा श्वासनलिकेतील द्रव घेऊन जंतू वाढवून पाहता येतात, पण हा जंतू इतका मंदगती की त्यास कित्येक आठवडे द्यावे लागतात. तेव्हा शंभर वर्षांहून जुनी ती सुई अद्याप हातात आहे.

सुजलेल्या पापणीचा पुढे काय निकाल लागतो? रीसस माकडाच्या बाबतीत बहुधा मरण. शास्त्रज्ञ निर्दय असतात म्हणून नव्हे. औषधे आहेत, पण ती महिनोन्‌महिने, रोज, चुकवू न देता माकडाच्या पोटात घालावयाची, त्या काळात इतरांस व सेवकांस धोका पत्करावयाचा, आणि औषधांस न जुमानणारा जंतू निपजण्याचे भय बाळगावयाचे, हे सहसा कोणी अंगावर घेत नाही. शिवाय त्यातील आयसोनियाझिड नावाचे औषध दिले असता पापणीची सूज दबून जाते, आणि रोग तसाच लपून राहिला तर सर्वांचीच फसवणूक होते. शंका पक्की झाली की त्यास गुंगीतच संपवितात व उघडून पाहतात.

हे ऐकले तेव्हा आम्ही आमचा डावा हात पाहिला. १९६८ साली, आम्ही आठ वर्षांचे असता, आमच्या वाड्यात काकांस क्षय असल्याचे उघड झाले. ते उघड झाले म्हणजे आजीस कळले. काकांस स्वतःस पाच महिने आधीच कळले होते, परंतु आत्याचे लग्न ठरत होते म्हणून ते गप्प राहिले. त्या काळी अशा घरातील मुलगी करून घेण्यास लोक धजत नसत. लग्न झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात काका मिरजेस क्षयरोग्यांच्या दवाखान्यात गेले. वाड्यातील नऊ मुलांस डॉक्टरांनी ओळीने बसवून हातावर सुई टोचली. तिसऱ्या दिवशी आठ हात स्वच्छ निघाले आणि एक रुपयाएवढा लाल होऊन टणक झाला, तो आमचा. आईने आम्हांस पदराखाली घेतले, ते आम्ही मोठे झालो तरी तिच्या मनातून सुटले नाही. डॉक्टर समंजस होते. त्यांनी छातीचे चित्र काढविले, ते निर्मळ निघाले. एक वर्ष गोळ्या दिल्या, आणि सांगितले की, जंतू याच्या अंगात आला आहे, पण याच्या शरीराने त्यास कोंडून ठेवले आहे. तो कोंडलेलाच राहिला. काकाही बरे होऊन आले. पुढे त्यांनी सत्तरी पाहिली. त्यांचे पितळी ताट मात्र माडीवरच्या खोलीतून खाली आले नाही.

आता त्या दिवशी आमच्या हाताचे जे झाले तेच एखाद्या रीसस माकडाच्या पापणीचे झाले असते तर आज हा लेख लिहिण्यास आम्ही उरलो नसतो. हे विधान आम्ही विद्यार्थ्यासमोर केले. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचे शरीर जंतू कोंडून ठेवते, रीससचे बहुधा ठेवत नाही. भेद तेवढाच. लांब शेपटीचे जे दुसरे माकड आग्नेय आशियातून येते, ते पुष्कळदा तुमच्यासारखे कोंडून ठेवते, आणि म्हणूनच माणसातला झोपलेला क्षय अभ्यासण्यास शास्त्रज्ञ त्याला मुद्दाम क्षय देतात." उत्तर बरोबर होते, म्हणून आम्ही त्यास पैकीच्या पैकी गुण दिले. पण मुद्दाम क्षय देतात, हे शब्द पचावयास वेळ लागला. त्यानेच सांगितले की, २०२० च्या आरंभी एका प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. आपण मुलांस जन्मतः दंडावर टोचतो ती बीसीजीची लस दहा रीसस माकडांस शिरेतून दिली, नंतर क्षयाचे जंतू छातीत सोडले; दहांपैकी नऊ वाचली, आणि सहांत तर जंतूचा मागमूसही सापडला नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. तेव्हा ही बातमी आम्हांस परकी म्हणून सोडता येत नाही.

रोगाचा प्रवेशच होऊ न देता माकडे पाळता येतात, याचे जुने उदाहरण आपल्या माकडांचेच आहे. १९३८ साली कार्पेंटर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ हिंदुस्थानात येऊन सुमारे पाचशे रीसस माकडे बोटीने घेऊन गेले. क्षयमुक्त कळप उभारावयाचा, हा त्यांच्या हेतूंपैकी एक होता. ट्युबरक्युलिनची परीक्षा घेऊन, सदोष ठरली ती वगळून, ४०९ माकडे त्यांनी पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो नावाच्या छोट्या बेटावर सोडली. त्यांची दीड हजारांहून अधिक संतती आजही तेथे नांदत आहे. बेटावर वस्ती नाही, सभोवती समुद्र, आणि येणारा जाणारा माणूस मोजका. यातील समुद्र हा भाग प्रयोगशाळेस मिळत नाही. मोजका माणूस मात्र मिळविता येतो.

आणि येथेच आमच्या विद्यार्थ्याच्या संस्थेत जे घडले ते सांगावयाचे आहे. एका दालनात बावीस माकडे होती, दोन वर्षे सर्व चाचण्यांत स्वच्छ. एका नेहमीच्या तपासणीत तिसऱ्या दिवशी एका मादीची पापणी अर्धी खाली लोंबलेली दिसली. गुण चार. तिला उघडले तेव्हा उजव्या फुफ्फुसात रोग होता. दालनास कुलूप लागले. आत जावयाचे तर वेगळे कपडे, तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा, पायांस जंतुनाशकाचे पाणी. या जंतूच्या अंगावर मेणासारखे कवच असते, म्हणून साधी जंतुनाशके त्यास पुरत नाहीत; तीही बदलली. दोन आठवड्यांनी आणखी दोघांच्या पापण्या सुजल्या. आणि एक वयस्क नर, ज्याची पापणी एकदाही हलली नव्हती, तो पहाटे मेलेला सापडला. त्याच्या दोन्ही फुफ्फुसांत निरोगी अशी जागा शोधावी लागली.

माकडांची परीक्षा दर महिन्यास होत होती. माणसांची वर्षातून एकदा, तीही कायम नोकरांची. पिंजरे धुणारा एक मनुष्य कंत्राटदाराकडून रोजावर आलेला होता. त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. तो अडीच महिने खोकत होता व औषधाच्या दुकानातून गोड औषध आणून पीत होता, कारण दवाखान्यात गेले तर खाडा आणि खाडा झाला तर जागा गेली. थुंकी तपासली, जंतू निघाले. संस्थेतील एका वरिष्ठाने लगेच अनुमान काढले की, माकडांपासून याला झाला. असेही होते, नाही असे नाही. तारखा मात्र दुसरीकडे बोट दाखवीत होत्या. त्यास काढून टाकावे, असेही सुचविले गेले. आमच्या विद्यार्थ्याने तेथे आपली शोभा करून घेतली. तो म्हणाला की, खोकणाऱ्याची भाकरी काढून घ्याल तर पुढचा खोकणारा आणखी शिताफीने लपवील, आणि पापणीवर मला ते पुन्हा तीन महिन्यांनी वाचावे लागेल. त्याच्या या बोलण्याचा आम्हांस अभिमान वाटला. आमच्या काकांनी पाच महिने खोकला उशीत दाबला, तोही असल्याच भयाने.

सहा महिन्यांचा औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. वर निक्षय पोषण योजनेतून महिन्यास पूर्वी पाचशे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये रोग्यास मिळतात. योजनेच्या नावात विसर्ग असावयास हवा होता, असे आमचे जुने डोळे म्हणतात, पण पैसे वेळेवर मिळाले तर विसर्गावाचून अडत नाही. त्या मनुष्याचा रोजही अखेर चालू ठेवला गेला, मोठ्या मिनतवारीने. आता दालनाच्या दाराशी एक वही असते. आत जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो झाडूवाला असो की संचालक, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय, वजन घटले आहे काय, संध्याकाळी ताप येतो काय, हे लिहून सही करावयाची. कंत्राटी माणसांचीही छातीची चित्रे काढली जातात. वहीत प्रथम कोणी खरे लिहीत नसे. मग एका स्वयंपाक्याने लिहिले, त्याची तपासणी झाली, काही निघाले नाही, व त्याचा रोज कापला गेला नाही. त्यानंतर इतरही लिहू लागले.

तो मनुष्य बरा झाला. त्यास आता भांडारात काम दिले आहे. शेंगदाणे, केळी व चणे यांचा हिशेब तो ठेवतो. दालनाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. ओळीने सहावी तपासणी गेल्या श्रावणात झाली. बावीसांपैकी अठरा उरली आहेत. अठराच्या अठरा पापण्या बहात्तर तासांनी स्वच्छ होत्या, असे विद्यार्थ्याने त्याच रात्री दूरध्वनीवरून कळविले.